फाशीची तारीख आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहून काढले आहे.)

संमेलनातल्या व्याख्यानाचे विषय बहुधा ठरलेले असतात. ‘विद्यार्थी आणि शिस्त’ किंवा ‘समाजाची शैक्षणिक प्रगती’ यावर तुम्ही दरवर्षी ऐकता, टाळ्या वाजवता आणि चहाला उठता. यंदा चिटणीससाहेबांनी विषयाची मोकळीक दिली म्हणून मी फाशी हा विषय घेतला. बक्षीस समारंभाच्या दिवशी हे काय भलतेच, असे एकदोघांच्या तोंडावर दिसलेही. परंतु आपल्या या कोकणपट्टीत, मग ते खेड असो, मंडणगड असो की म्हसळा-श्रीवर्धन, ज्याचा एकही माणूस आखातात नाही असे घर शोधायला निघावे लागेल. आपली मुले दहावी-बारावी होतात, पासपोर्ट काढतात आणि विमानात बसतात. ज्या देशात ती जातात तेथला कायदा त्यांना ठाऊक नसतो, भाषाही येत नसते. तेव्हा हा विषय आपल्या घरापासून फार लांबचा नाही.

प्रथम एक हकीकत सांगतो. केरळातल्या कोळिकोड जिल्ह्यातला एक तरुण २००६ साली रियाधला गेला. व्हिसा घरगुती ड्रायव्हरचा होता, पण मालकाच्या अपंग मुलाला सांभाळणे हेही कामात होते. त्या मुलाचे मानेखालचे शरीर लुळे होते आणि श्वास व अन्न यांसाठी गळ्यापाशी एक उपकरण बसवलेले होते. तरुणाला तेथे जाऊन महिना होतो न होतो तोच, डिसेंबर २००६ मध्ये, गाडी चालवताना लाल सिग्नलवरून दोघांचा खटका उडाला. मुलगा त्याच्यावर थुंकला, त्याला अडवायला गेलेला हात उपकरणाला लागला आणि मुलगा बेशुद्ध होऊन दगावला, अशी तरुणाच्या बाजूने सांगितली गेलेली हकीकत आहे. घाबरून त्याने एका नातेवाइकाच्या मदतीने दरोड्याची खोटी गोष्ट रचली. ती पोलिसांपुढे टिकली नाही. जे कदाचित अपघात म्हणून ऐकून घेतले गेले असते त्याला खुनाचा रंग चढला. न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि वरच्या न्यायालयांनी तो कायम केला.

सौदी कायद्यात अशा खटल्यात दोन हक्क मानतात. एक मयताच्या वारसांचा खाजगी हक्क आणि दुसरा राज्याचा सार्वजनिक हक्क. खाजगी हक्कात वारसांपुढे तीन वाटा असतात. किसास, म्हणजे जिवाबद्दल जीव, मागावा. दियत, म्हणजे रक्ताचे मोल, घेऊन जीव सोडावा. किंवा काहीही न घेता माफ करावे. यातली शेवटची वाट सर्वांत वरची, हे आपण लहानपणी मदरशात शिकलो आहोत. शिकलेले आचरणे किती अवघड, हे ज्याचे मूल गेले त्यालाच कळेल. म्हणून त्या सौदी कुटुंबाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी अनेक वर्षे नकार दिला. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात दीड कोटी रियाल दियतीवर ते कबूल झाले. आपल्या पैशात ही रक्कम सुमारे ३४ कोटी रुपये. मुदत सुमारे सहा महिन्यांची.

३४ कोटी! मी सातवीच्या मुलांना फळ्यावर हेच गणित घातले. प्रत्येकाने १०० रुपये दिले तर किती माणसे लागतील? उत्तर ३४ लाख. मुले हसू लागली, कारण शाळेच्या भिंतीच्या कुंपणासाठी आपण तीन वर्षे पावतीपुस्तके फिरवतो आहोत हे त्यांना माहीत आहे.

परंतु केरळात लोकांनी हे गणित सोडवले. तरुणाच्या गावी एक साहाय्य समिती होती, ती पुढे आली. मोबाइलवर एक ॲप तयार झाले. कोणी किती दिले आणि एकूण किती जमले हे त्यात कोणालाही दिसे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे वर्गणीची पेटी फिरते आणि नंतर ‘हिशेब कुठे आहे?’ म्हणून दोन वर्षे मोहल्ल्यात भांडणे चालतात. तेथे हिशेब वर्गणीदाराच्या हातातच होता. रमजानचा महिना होता, त्यामुळे देणाऱ्यांचे हात मोकळे होते. पण देणारे फक्त मुसलमान नव्हते. सर्व धर्मांचे आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या सर्व पक्षांचे लोक त्यात होते. एका सराफी व्यापाऱ्याने तर तिरुवनंतपुरमपासून कासरगोडपर्यंत रस्त्यावर हात पसरून पैसे गोळा केले. आखातातल्या मजुरांनी पाठवले ते वेगळेच. मोठी रक्कम शेवटच्या काही दिवसांत आली. १२ एप्रिल २०२४ रोजी, ईद होऊन दोन दिवस झाले असताना, ३४ कोटी पुरे झाले. मुदतीला अद्याप काही दिवस बाकी होते, आणि समितीने आता पैसे पाठवू नका असे जाहीर केले. ही घोषणा मला ३४ कोटींइतकीच मोठी वाटते.

२ जुलै २०२४ रोजी रियाधच्या न्यायालयाने मृत्युदंड रद्द केला. पण माणूस लगेच घरी आला नाही. राज्याचा सार्वजनिक हक्क शिल्लक होता. सुनावणीच्या तारखांवर तारखा पडल्या, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने भोगलेला काळ धरून २० वर्षांची कैद सांगितली. पैसे भरले की दार उघडते अशी ज्यांची समजूत होती त्यांना हा धक्काच होता. तथापि दोर गळ्यापासून निघाला हे खरे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. उत्तर प्रदेशातली एक तरुणी अबुधाबीत एका घरी तान्हे मूल सांभाळण्याच्या कामावर होती. मूल दगावले, आळ तिच्यावर आला, मृत्युदंड झाला. लस दिल्यानंतर मूल गेले असे तिच्या बाजूचे म्हणणे होते. तिच्या वडिलांनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. ३ मार्च २०२५ रोजी सरकारी वकिलांनी न्यायालयाला सांगितले की तिला १५ फेब्रुवारीलाच मृत्युदंड दिला गेला आहे. बाप न्यायालयाच्या दारात मुलीच्या जिवासाठी उभा होता आणि मुलगी दोन आठवड्यांपूर्वीच गेलेली होती. तिच्यासाठी ॲप निघाले नव्हते आणि कोणी रस्त्यावर हात पसरला नव्हता.

याच महिन्यात, म्हणजे मार्च २०२५ मध्ये, परराष्ट्र खात्याने राज्यसभेत आकडा दिला होता. परदेशांत मृत्युदंड झालेला पण अंमलबजावणी न झालेला असे ४९ भारतीय होते. त्यांत २५ संयुक्त अरब अमिरातीत आणि ११ सौदी अरबस्तानात. या एकोणपन्नासांपैकी तुम्हाला किती नावे सांगता येतील? मलाही दोनतीनच येतात. दियतीची सोय ही दयेची सोय आहे हे मी मानतो. तिच्यात मारणाऱ्या राज्यापेक्षा रडणाऱ्या घराला अधिक मान आहे. पण जेव्हा रकमा कोटींवर जातात तेव्हा ज्याच्यामागे गाव आहे, संघटना आहे, वर्तमानपत्र आहे तो वाचतो, आणि ज्याच्यामागे फक्त म्हातारा बाप आहे तो जातो. हे दियतीच्या मूळ हेतूत बसते काय, याचा विचार आपल्या उलेमांनी करावा असे मला नम्रपणे वाटते.

येमेनची गोष्ट तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलीच असेल. केरळमधल्याच एका परिचारिकेला, २०१७ साली तिच्या येमेनी भागीदाराच्या झालेल्या खुनाबद्दल, साना शहरातल्या न्यायालयाने २०२० मध्ये मृत्युदंड दिला. १६ जुलै २०२५ ही तारीख मुक्रर झाली. साना हूथींच्या ताब्यात आणि त्या वेळी तेथे भारताचा दूतावास चालू नव्हता. सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की आमचे हात फार पोहोचत नाहीत. अशा वेळी कांतपुरम ए. पी. अबूबकर मुसलियार या नव्वदी ओलांडलेल्या धर्मपंडितांनी येमेनमधल्या जुन्या ओळखीच्या सूफी विद्वानांना, हबीब उमर यांना, शब्द टाकला. बोलणी झाली आणि आदल्या दिवशी तारीख पुढे ढकलली गेली. एका ख्रिस्ती परिचारिकेसाठी एका मुसलमान पंडिताने रदबदली केली. ज्यांना जातीजमातीच्या भिंती पक्क्या वाटतात त्यांनी हे वहीत टिपून ठेवावे.

पण याच प्रकरणात एक गोष्ट बिघडली, आणि तीही सांगितली पाहिजे. मयताच्या भावाने जाहीरपणे सांगितले की आम्हाला दियत नको, किसास हवा. आणि त्याची एक तक्रार अशी होती की भारतातली वर्तमानपत्रे गुन्हेगाराला बिचारी ठरवतात आणि आमच्या मेलेल्या भावाला खलनायक करतात. मयताने त्या बाईचा छळ केला होता असे तिच्या बाजूचे म्हणणे आहे, ते खरेही असेल. न्यायालयात ते मांडणे वकिलाचे काम. परंतु ज्यांच्याकडे क्षमा मागायची त्यांच्याच मुलाची बदनामी वाड्यावाड्यांतून, टीव्हीवरून करायची आणि मग माफी मागायला जायचे, हे कसे चालावे? आपल्या गावात साधी बैलाच्या शिंगाची भानगड मिटवायची असली तरी जाणता माणूस समोरच्याच्या ओटीवर आधी मान खाली घालून बसतो. फाशीविरुद्धची मोहीम गोंगाट करून चालते तेव्हा ती मोहीम करणाऱ्यांचे नाव होते, कैद्याचे काम होतेच असे नाही. रियाधच्या प्रकरणात समितीने पैशाचा गाजावाजा केला, पण मयत मुलाबद्दल वेडेवाकडे बोलणे टाळले. माझ्या मते हा फरक लहान नाही.

व्याख्यान येथवर आले असता नववीच्या एका मुलाने हात वर केला. त्याने विचारले, “सर, पण खरोखरच खून केला असेल तर? २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीला चौघांना फाशी दिली, तेव्हा त्या मुलीच्या आईवडिलांनी समाधान मानले. त्यांना आपण काय सांगायचे?” प्रश्न योग्य होता आणि मी तो टाळला नाही. त्या आईवडिलांना आपण काही सांगायचे नसते. त्यांचे दुःख तोलण्याचे माप आपल्याजवळ नाही. पण वाचकहो, आपल्या देशाच्या कायद्यात मयताच्या घरच्यांना माफ करण्याचा अधिकार नाही आणि फाशी देण्याचाही नाही. खटला सरकार चालवते, फाशी सरकार देते, आणि दया दाखवायची ती राष्ट्रपती किंवा राज्यपाल दाखवतात, राज्यघटनेच्या ७२ व्या आणि १६१ व्या अनुच्छेदाप्रमाणे. म्हणजे हे काम तुमच्या-माझ्या नावाने होते. म्हणून विचारायचे ते सरकारला: तू ज्याला नेतो आहेस तो तोच आहे ना? आणि त्याच्यासारख्या इतरांना तू सोडतोस, मग यालाच का?

१९८० साली सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात सांगितले की फाशी ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणातच द्यावी. पाच न्यायमूर्तींपैकी भगवती यांनी वेगळे मत दिले, फाशीच घटनाबाह्य आहे असे. विरळ म्हणजे किती विरळ, हे मात्र न्यायाधीशागणिक बदलत राहिले. याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे आणि तो मी सविस्तर सांगणार आहे, कारण मराठी वाचकालाही तो फारसा ठाऊक नाही.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका वस्तीवर एका कुटुंबावर हल्ला झाला. पाच जण ठार झाले, घरातल्या बायामुलींवर अत्याचार झाला. असे भयंकर कृत्य की वाचताना अंगावर काटा येतो. घरातले दोघे वाचले. पोलिसांनी सहा जणांना पकडले. सहाही भटक्या जमातीतले, मजुरीवर पोट भरणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सरकार वर गेले. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य म्हटले. पुनर्विचाराचा अर्जही फेटाळला गेला. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे येथे प्रकरण संपले. पुढे दयेचा अर्ज, आणि तो गेला की तारीख.

आता पुढचे ऐका. २०१२ मध्ये असे निष्पन्न झाले की त्या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही त्याला तीन न्यायालयांतून फाशीची शिक्षा झाली होती, आणि त्याचे वय तपासण्याचे कोणाला सुचले नव्हते. शाळेचा दाखला असता तर पहिल्याच दिवशी कळले असते. पण शाळेत गेलेलाच कोण होता? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा जुना निर्णय मागे घेऊन प्रकरण पुन्हा उघडले, आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर आणि शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडले. शिक्षा कमी केली नाही, निर्दोष सोडले. कागदपत्रांत काय होते? हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्ष साक्षीदाराने पोलिसांच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास पोलिसांनी केलाच नाही. हा कागद त्या सहाजणांच्या फायद्याचा होता, आणि तो मागे ठेवला गेला. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा हुकूम दिला. तोपर्यंत सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

सोळा वर्षे. आपल्या शाळेत बालवाडीत आलेला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो तेवढा काळ. आणि ज्यांनी खरोखर ते कृत्य केले ते कोण? त्या कुटुंबाला न्याय मिळाला काय? चुकीच्या माणसाला फाशी झाली असती तर खरा गुन्हेगार कायमचा निर्धास्त झाला असता. म्हणून मी त्या नववीच्या मुलाला म्हटले की मयताच्या घरच्यांच्या बाजूने विचार केला तरीही तपास नीट होणे हेच पहिले.

२००९ चा तो निर्णय ज्या जुन्या निर्णयावर उभा होता तो १९९६ चा रवजी नावाच्या माणसाच्या खटल्यातला. त्यात असे धरले होते की गुन्हा पाहावा, गुन्हेगाराची परिस्थिती पाहण्याचे कारण नाही. हे बच्चनसिंगच्या नियमाच्या उलट होते. गंमत अशी (गंमत हा शब्द बरा नव्हे, पण दुसरा सापडत नाही), की सहाजणांना फाशी कायम झाल्यावर दोनच आठवड्यांनी, मे २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले की रवजीचा निर्णय कायद्याला सोडून होता. रवजीला तर १९९६ सालीच फाशी दिली गेली होती. त्याला हे सांगायला कोण जाणार? २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा बदला. न्यायाधीशांनीच अशी मोहीम काढावी, ही आपल्या इतिहासातली दुर्मिळ गोष्ट आहे. मोर्चा नाही, घोषणा नाही, सह्या केलेली पत्रे.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा एक मोठा अहवाल काढला. त्यातले सर्व आकडे मी येथे देत नाही. शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत दोनच पुरेत. फाशीच्या कैद्यांपैकी २३ टक्के कधीच शाळेत गेले नव्हते. ६१.६ टक्क्यांनी माध्यमिक शिक्षण पुरे केलेले नव्हते. ज्याला स्वतःच्या खटल्याचा कागद वाचता येत नाही तो वकिलाला काय सांगणार, आणि फुकटचा सरकारी वकील त्याचे किती ऐकणार?

एक प्रश्न मला आपल्या समाजालाच विचारायचा आहे, आणि तो थोडा बोचेल. आपला माणूस आखातात अडकला की आपण खडबडून उठतो. खटल्यातले नाव आपल्या जमातीचे असले की जिल्हाभर सह्यांचे कागद फिरतात. पण नाशिकच्या त्या सहा भटक्या मजुरांसाठी आपल्यापैकी कोणी एक पोस्टकार्ड तरी टाकले होते काय? ते आपल्या मशिदीत येत नव्हते, आपल्या पक्षात नव्हते, आपल्या वर्तमानपत्रात नव्हते. दुसऱ्या समाजांनीही टाकले नाही, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. १९४९ मध्ये गांधीजींच्या खुनाबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली तेव्हा दयेची मागणी करणाऱ्यांत गांधीजींचे दोन पुत्र होते, मणिलाल आणि रामदास. मागणी मान्य झाली नाही, १५ नोव्हेंबरला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. पण बाप मारणाऱ्यासाठी मुलाने अर्ज करावा, ही गोष्ट घडली होती हे आपल्या पाठ्यपुस्तकात कोठे येत नाही. सोलापूरचे कुर्बान हुसेन आणि त्यांचे तीन साथी, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले, हे चौघे मात्र आपण अभिमानाने शिकवतो. चार नावे, चार वेगळे समाज, एकच सकाळ. तेव्हा दोर कोणाचा धर्म विचारत नाही हे आपल्याला ठाऊक आहे.

असो. आता आखातात जाणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या उपयोगाचे थोडे सांगतो. परदेशात पकडल्या गेलेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमात तो लिहिलेला आहे. आपले कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये मृत्युदंड दिला, तेव्हा भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात याच कलमावर गेला. नागपूरचे हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. मे २०१७ मध्ये फाशीला स्थगिती मिळाली आणि १७ जुलै २०१९ रोजी पंधराविरुद्ध एक मताने न्यायालयाने सांगितले की पाकिस्तानने हे कलम मोडले. नौदलातल्या निवृत्त अधिकाऱ्याला जे कलम लागू झाले तेच जेद्द्याच्या ड्रायव्हरला आणि कुवेतच्या आयाबाईला लागू आहे. फरक एवढाच की ड्रायव्हरला ते माहीत नसते. पोलीस ठाण्यात अरबी कागद पुढे येतो, शिपाई बोट दाखवतो आणि आपला मुलगा सही ठोकतो.

म्हणून न समजलेल्या कागदावर सही नाही, दुभाषा मागायचा, आणि ‘दूतावासाला कळवा’ हे एक वाक्य अरबीत पाठ करायचे. मौलानासाहेबांना मी विनंती केली आहे की दहावीच्या मुलांकडून त्यांनी ते घोटून घ्यावे. घाबरून गोष्टी रचायच्या नाहीत. रियाधच्या तरुणाचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. घरच्यांनी परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा. आपल्याच देशातल्या फाशीच्या कैद्याबाबतही एक नवा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७२ व्या कलमाप्रमाणे दयेचा अर्ज कैद्याने किंवा त्याच्या नातेवाइकाने करायचा, आणि शेवटच्या न्यायालयाने शिक्षा कायम केल्याचे तुरुंगाने कळवल्यापासून तीस दिवसांच्या आत. अडाणी घरात तीस दिवस कागद कोणाकडून वाचून घ्यायचा यातच जातात. असा कागद कोणाच्याही घरी आला, मग ते घर कातकरवाडीतले असो, वडारवस्तीतले असो की मोहल्ल्यातले, तर तो त्याच दिवशी शाळेत घेऊन यावा. आमच्यातल्या दोघा शिक्षकांनी आणि गावातल्या एका वकिलांनी तो वाचून देण्याचे आणि उत्तर लिहून देण्याचे पत्करले आहे. त्याचे पैसे नाहीत.

आखातात निघालेल्या मुलांची यादीही आम्ही या वर्षापासून ठेवतो आहोत: मालकाचे नाव, शहर, पासपोर्टचा क्रमांक, कराराची प्रत. शनिवारी शाळा सुटल्यावर दीड वाजेपर्यंत मी कार्यालयात असतो. येताना पासपोर्टची झेरॉक्स आणावी. शाळेचे मशीन सध्या बंद आहे.